डभोई ते दाभोळ, मार्गे हिंचका

पुण्यातल्या माझ्या एका मावसबहिणीची आजही ठाम समजूत आहे की माझं माहेर समुद्रकाठी आहे. उन्हाळा लागला की तिचा फोन येतो, "तुमची मजा आहे बाई, दारात माड, परसात समुद्र!" मी दर वेळी सांगते, अगं ते दाभोळ. आमचं डभोई. ते रत्नागिरी जिल्ह्यात, आमचं वडोदरा जिल्ह्यात. त्यांच्याकडे वाशिष्ठीची खाडी आहे, आमच्याकडे एक तळं आहे आणि वीसेक किलोमीटरवर चांदोदची नर्मदा. "हो का?" असं ती म्हणते आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा माड विचारते. आमच्या घरातली एक लग्नपत्रिका म्हणे दाभोळला जाऊन लग्न लागल्यावर डभोईला पोचली होती. पत्रिका आली तेव्हा नवरा-नवरी सत्यनारायण आटोपून कामाला लागलेले.

बाबांना या घोळात फार मजा यायची. डभोई आणि दाभोळ या जत्रेत ताटातूट झालेल्या जुळ्या बहिणी आहेत, असं ते सांगायचे. आईला म्हणायचे, "एकदा तुला जुळीकडे घेऊन जाणार." हे ते लग्न झाल्यापासून म्हणत होते. बाबा शाळेत शिक्षक होते. सुट्ट्या भरपूर, पण प्रत्येक सुट्टीत कुणाची तरी शिकवणी, कुणाचं तरी आजारपण, कुणाची तरी मुंज. दोन वर्षांपूर्वी श्रावणात बाबा गेले आणि जुळीकडे जायचं राहिलं ते राहिलंच.

डभोईबद्दल दोन शब्द सांगते, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांनी डभोई फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिलेली असते, स्टॅच्यू ऑफ युनिटीला जाताना. जुनं नाव दर्भावती. गावाला कोट आणि चार दिशांना चार दरवाजे, त्यातला पूर्वेचा हिरा भागोळ म्हणजे दगडात कोरलेलं आख्खं पुस्तक. याच भागात, 1731 च्या एप्रिलमध्ये, थोरले बाजीराव आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे एकमेकांशी लढले. दोन्हीकडे मराठे. दाभाडे पडले. बाबा हा धडा शिकवताना वर्गात फार वेळ गप्प राहायचे म्हणे. आणि 1862 मध्ये, खंडेराव महाराजांच्या काळात, डभोई ते मियागाम अशी अरुंद रुळांची लाईन पडली, तेव्हा सुरुवातीला डबे बैल ओढत होते. माझे आजोबा त्याच लाईनवर नोकरीला होते. बैलांच्या काळात नव्हे, खूप नंतर. ती छोटी गाडी इतकी डुलायची की बसल्या जागी मान टाकावी. आता मोठी लाईन आली आहे. आता कोणी डुलत नाही, सगळे मोबाईल बघतात.

डुलण्याचा विषय आलाच आहे तर हिंचक्याकडे येते.

आमच्या घरात त्याला झोपाळा कोणी म्हणत नाही. माझी आई अमरावतीची, तिच्याकडे बंगई. लग्न होऊन डभोईला आली तेव्हा तिनं पहिला गुजराती शब्द शिकला तो "हिंचको", आणि आमच्या बडोदेकरी मराठीत त्याचा हिंचका झाला. गुजरातेत हिंचका म्हणजे नुसतं बसायचं साधन नाही. सोयरिकीची बोलणी हिंचक्यावर, हिशेब हिंचक्यावर, दुपारची सुपारी हिंचक्यावर. श्रावणात वैष्णवांच्या हवेल्यांतून ठाकुरजीसुद्धा हिंडोळ्यात बसतात. आणि आमच्या शेजारीच संखेडा. लाखकाम केलेलं लाल-सोनेरी लाकडी सामान सगळ्या देशात जातं ते तिथून. खरादी लोक सागवान चरकावर कातून त्याला आकार देतात, वर कलईच्या रंगानं नक्षी काढतात, अकीकाच्या दगडानं ती घासतात आणि मग त्यावर लाख चढवतात. गंमत अशी की नक्षी असते चांदीसारखी पांढरी, लाखेखाली गेली की ती सोन्यासारखी दिसायला लागते. आई-बाबांच्या लग्नात आजोबांनी घेतलेला आमचा हिंचका संखेड्याचाच. पितळी कड्या, कड्यांवर मोर. बाबा डाव्या बाजूला बसायचे. त्यांच्या पाठीमागचं सोनं घासून गेलं आहे आणि पायाच्या अंगठ्यानं रेटा देऊन देऊन खालची लादी एका जागी गुळगुळीत झाली आहे, पालथ्या वाटीएवढी.

आई उजव्या बाजूला बसायची. बसायची म्हणजे, तिच्या मांडीवर कायम परात असायची. तुरीच्या शेंगा सोलणं, लसूण निवडणं, पापडाच्या लाट्या, आमच्या वह्यांना कव्हरं घालणं. दादा आणि मी लहान असताना तिनं शेजारच्या बांकडून गुजराती घोडियुं आणलं होतं. ते तुम्ही पाहिलं असेलच, लाकडी घोडीला कापडाची झोळी टांगलेली आणि तिला लांब दोरी. आई हिंचक्यावर बसून एका हातानं कणीक मळायची आणि दोरीचं टोक पायाच्या बोटाला बांधलेलं. म्हणजे स्वतः झुलताना दुसऱ्याला झुलवायचं, आणि शिवाय कणीकही मळायची.

बाबा गेल्यावर ती हिंचक्यावर बसली नाही. रडून-बिडून सांगितलं नाही तिनं कधी. नुसते वाळलेले कपडे आणून हिंचक्यावर ठेवायला लागली. आधी घडी करायच्या कपड्यांचा ढीग, मग जुनी रद्दी, मग डॉक्टरांच्या फायली. रिकामा हिंचका हलवू नये म्हणतात, त्यावर तिनं हा उपाय काढला असावा. मी विचारलं नाही.

मागच्या पावसाळ्यात ती मागच्या चौकात शेवाळावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. मोबाईल आत, ती बाहेर, आणि पाऊस असा की हाक कोणाला ऐकू जाईना. शेजारच्या बा दुपारी चहाला आल्या तेव्हा कळलं. मी वडोदऱ्याहून पोचेपर्यंत प्लास्टर झालेलं होतं, आणि आईचा पहिला प्रश्न, "तुझा हाफ-डे गेला का?"

दादा बंगळुरूला असतो. त्या रात्री आम्ही दोघं खूप वेळ फोनवर बोललो, आणि खरं सांगते, आईला न विचारता ठरवून टाकलं. घर विकायचं, आईला माझ्याकडे आणायचं. घराला गिऱ्हाईकही होतं. शेजारच्या बांच्या मुलाला दुकान वाढवायचं आहे. तो बाबांच्या तेराव्यालाच अगदी सभ्यपणे म्हणून गेला होता, "वेचवानुं थाय तो पहेलां अमने कहेजो." आता त्यानं बानाखताचा मसुदाच करून दिला आणि म्हणाला, लाभपाचमला काय ते सांगा, मुहूर्त चांगला आहे. मसुद्याची झेरॉक्स मी पर्समध्ये ठेवली. आणि दिवाळीत आईला दाभोळला न्यायचं ठरवलं.

इथं माझ्या मनात काय होतं ते लपवून उपयोग नाही. बाबांची इच्छा पुरी करायची होती हे खरंच. पण त्यापेक्षा जास्त खरं असं की चार दिवस समुद्रावर ठेवलं, मन मोकळं झालं, की हळूच विषय काढायचा, असा माझा बेत होता.

दिवाळी ते लाभपाचम म्हणजे गुजरातची सुट्टी. दुकानांना कुलपं आणि आख्खी गल्ली फिरायला. दमण-दीवला पाय ठेवायला जागा नसते, म्हणून बहुतेक जण लांब जातात. आम्ही रात्रीच्या गाडीनं पनवेल गाठलं, तिथून भाड्याची गाडी करून चिपळूण आणि मग गुहागर. महामार्गाबद्दल मी काही लिहीत नाही, संपादकांनी शब्दमर्यादा घातली आहे. मुक्काम गुहागरला, एका वाडीत, आणि तिथून एक दिवस दाभोळ, असा कार्यक्रम. आईनं समुद्र यापूर्वी एकदाच पाहिला होता, दमणला, बाबांच्या शाळेच्या सहलीबरोबर. तेव्हा ती पन्नास मुलांचे थेपले मोजत होती, त्यामुळे समुद्राकडे तिची पाठ होती असं ती म्हणते.

वाडी छान होती. पुढं ओटी, मागं पोफळी आणि माड, त्यांच्यामागं सुरूची झाडं आणि लगेच वाळू. दोन सुरूंच्या मध्ये निळ्या नायलॉनची एक जाळीची झोळी टांगलेली होती. हॅमॉक. माझा दहा वर्षांचा लेक बॅग न सोडता त्यात जाऊन पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पाण्यात असताना मी त्या झोळीवर हक्क सांगायला गेले. खाटेवर चढतात तसा आधी गुडघा ठेवला. झोळीनं एक गिरकी घेतली आणि मी वाळूत उताणी. ओटीवर बसलेली आई हसली. तोंडाला पदर लावून नाही, खदखदून. दोन वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं. कंबर दुखत होती तरी आणखी एकदा पडावं असं वाटून गेलं.

वाडीचे काका धावत आले. "ताई, तसं नाही. पाठ करून मधोमध बुड टेकायचं, मग पाय वर. आणि सरळ नाही झोपायचं हो, तिरकं झोपायचं." ही तिरकं झोपण्याची युक्ती तुम्हालाही सांगून ठेवते. झोळीच्या रेषेत सरळ झोपलात तर केळ्यासारखं वाकायला होतं आणि तासाभरात पाठ बोलायला लागते. थोडं कर्णावर झोपलं की कापड पसरतं आणि पाठ जवळजवळ सपाट राहते. दुसरं, दोरी ताणून बांधायची नाही. माझा नवरा इंजिनीयर, त्यानं लगेच वाळूत आकृती काढून लेकाला शिकवलं की दोरी जितकी आडवी ताणाल तितका ताण वाढतो, थोडी सैल सोडावी. काकांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आणि माडाखाली टांगायची नाही. त्याला आकृती लागत नाही."

हॅमॉक हा शब्द आला कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेतून, स्पॅनिश वाटेनं. कोलंबस 1492 मध्ये बहामा बेटांवर उतरला तेव्हा तिथली माणसं सुती जाळ्यांत झोपलेली त्यानं पाहिली. पुढं शंभरेक वर्षांत ती जाळी जहाजांवर गेली, आणि खलाशी तिच्यात झोपायला लागले, कारण जहाज कलंडलं तरी झोळी लोंबती राहते. हे सगळं मी लेकाला सांगत होते. शिवाय मोबाईलवर वाचलेलं एक संशोधनही सांगितलं, 2011 सालचं, जिनिव्हा विद्यापीठातलं. बारा पुरुषांना दुपारी एकदा स्थिर खाटेवर झोपवलं आणि एकदा हळूहळू झुलणाऱ्या खाटेवर. झुलत्या खाटेवर झोप लवकर लागली, आणि गाढ झोपेच्या खुणाही मेंदूत जास्त दिसल्या.

आई मटार सोलत होती. वाडीच्या काकूंच्या हातातलं सूप तिनं मागून घेतलं होतं. मान वर न करता म्हणाली, "बारा बाप्यांना झोपवायला विद्यापीठ लागलं होय?"

मग लेक तिच्या मागे लागला. आजी तू पण, आजी तू पण. आईची कारणं तयार होती. नायलॉनची जाळी साडीत अडकेल. मनगटाला झेपायचं नाही. लोक बघतील. या शेवटच्या कारणावर लेकानं किनाऱ्यावर नजर फिरवली, तिथं एक कुत्रा होता. शेवटी काकूंनी आतून जुन्या लुगड्याची चौघडी आणून जाळीत अंथरली, नवऱ्यानं आणि मी दोन्ही बाजूंनी झोळी धरली, आणि लेकानं मोठ्या अधिकारानं सूचना दिल्या: आजी पाठ कर, आजी बुड टेक, आजी आता पाय, आजी तिरकी हो. आई तिरकी झाली.

पहिली पाच मिनिटं ती डोळे घट्ट मिटून होती, दोन्ही हातांनी कडा धरून. मग एक हात सुटला. तो हवेत जरासा चाचपडला. मला कळेना काय शोधतेय. मग लक्षात आलं, ती परात शोधत होती.

हिंचक्यात आणि झोळीत हाच फरक आहे, आणि तो मला त्या क्षणापर्यंत कधी सुचला नव्हता. हिंचक्यावर माणूस बसतं. पाठ ताठ असते, हात मोकळे असतात, म्हणून हातात काम येतं. शेजारी जागा असते, म्हणून कोणीतरी येऊन बसतं आणि बोलायला लागतं. झोळीत बसता येत नाही, पडावंच लागतं. तिथं परात ठेवायला जागा नाही, लसूण सोलता येत नाही, कणीक तर सोडाच. दुसरं कोणी मावत नाही. शेजारच्या रिकाम्या जागेचा प्रश्नच येत नाही.

आई दोन तास झोपली. तोंड किंचित उघडं, एक पाय बाहेर, पायात ती कापसाच्या वातींची पिशवी नेताना घालते तीच चप्पल. मी ओटीवर बसून बघत होते. माझं वय छत्तीस, आणि आईला दिवसाढवळ्या झोपलेलं मी याआधी पाहिलं होतं ते फक्त दवाखान्यात. चहा झाला, भरती चढली, लेकानं वाळूचा हिरा भागोळ बांधला, लाटेनं तो नेला. काकूंनी दोनदा येऊन पाहिलं आणि दोनदा पाऊल न वाजवता परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी धीर केला. लेक आणि नवरा व्याडेश्वराला गेले होते. आई झोळीत, मी शेजारी वाळूत बसून एका हातानं तिला हलका झोका देत होते. मनात वाक्य जुळवत होते. आई, मी काय म्हणते. आई, तू रागावू नकोस. आई, तुझ्या मनगटाचं...

"कागद तुझ्या पर्समध्ये आहे," आई म्हणाली. डोळे मिटलेलेच. "परवा गाडीत अमृतांजन शोधत होते तेव्हा पाहिला."

माझा हात थांबला.

"झोका थांबवू नको," ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. समुद्राचाच आवाज. मग म्हणाली, "विचारायचं होतं तर डभोईत विचारायचं होतंस. घरात बसून. इथं आणून काय विचारतेस? इथं माणूस कशालाही हो म्हणेल."

मला रडू आलं, आणि रागही आला. रागाचं आधी सांगते. मी तिला म्हटलं, तुला काय माहीत, रात्री फोन लागला नाही तर माझं काय होतं. तू पावसात पडून राहिलीस. तुला माझा हाफ-डे दिसतो, तुझं मनगट दिसत नाही. दादा तिकडे, मी इकडे, दोघंही अर्धे इथं आणि अर्धे तिथं. मी हे सगळं मोठ्यानं बोलले. समोरून काकू येत होत्या, त्या कोकम सरबताचे पेले घेऊन तशाच वळल्या.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुझ्या फ्लॅटच्या स्लॅबला आकडा बसतो का?"

बसत नाही. आमच्या सोसायटीत स्लॅबला भोक पाडायला बंदी आहे. मी म्हटलं, स्टँडवरचा मिळतो, लोखंडी.

"पाहिलाय मी. तुझ्या शेजारणीकडे," आई म्हणाली. "बसलं की आधी स्टँड करकरतो, मग माणूस हलतं." आणि थोड्या वेळानं, "मी नाही म्हणत नाहीये. मी अजून हो म्हणत नाहीये."

त्यावर मी काही बोलले नाही. झोका देत राहिले. हाताला रग लागली तेव्हा हात बदलला.

शेवटच्या दिवशी आम्ही दाभोळला गेलो. गुहागरच्या बाजूनं धोपाव्याला फेरीबोट लागते. गाडीसकट माणसं आत घेते आणि वाशिष्ठी पार करून पलीकडे दाभोळला सोडते. आई गाडीतून उतरून कठड्याला उभी राहिली. दाभोळ एकेकाळी मोठं बंदर होतं, बहामनी काळापासून घोडे आणि कापड इथून ये-जा करायचं. 1508 च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळलं. आता जेट्टी, बोटी, मासळीचा वास, थोड्या अंतरावर जुनी दगडी मशीद. गावात शिरताना "दाभोळ" लिहिलेली पाटी दिसली तशी आईनं गाडी थांबवायला सांगितली. पिशवीतून तिनं बाबांचा एक लहान फोटो काढला. तो तिनं आणलाय हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. पाटीखाली उभी राहिली, फोटो पोटाशी धरला आणि लेकाला म्हणाली, "काढ."

तो फोटो काढला तेव्हा एक म्हातारे गृहस्थ सायकल थांबवून बघत होते. "कुठचे तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"डभोई," आई म्हणाली.

"दाभोळ हेच," ते म्हणाले.

आई इतकी हसली की तिला पाटीचा आधार घ्यावा लागला. परतीच्या बोटीत मी विचारलं, जुळी बहीण कशी वाटली? ती म्हणाली, "बरी आहे. हिच्याकडे समुद्र आहे. पण भागोळ नाही हिच्याकडे."

निघताना तिनं काकांकडून एक झोळी विकत घेतली, जाड सुताची. किमतीवरून घासाघीस केली आणि वर एक किलो आमसुलं पदरात पाडून घेतली.

लाभपाचमला बांचा मुलगा आला. आईनं त्याला हिंचक्यावर बसवलं, त्यासाठी कपड्यांचा ढीग आधी हलवला. चहा दिला, काजूकतली दिली आणि गुजरातीत सांगितलं की येत्या दिवाळीपर्यंत थांबायला जमत असेल तर पहिला हक्क त्याचा, नसेल जमत तर त्यानं दुसरीकडे बघावं, राग नाही. तो म्हणाला, "मासी, चालशे." चालणार आहे का ते मला माहीत नाही, त्यालाही दुकान वाढवायचंच आहे. दादा माझ्यावर चिडला आहे. त्याचं म्हणणं, तू नेलंस ते काम करायला आणि करून आलीस सहल. त्याचं अगदीच चूक आहे असं म्हणवत नाही. मागच्या चौकात आम्ही खडबडीत लाद्या बसवून घेतल्या, न्हाणीघराला दांडा लावला, आणि बांची नात रात्री आईकडे अभ्यासाला येऊन झोपते. आई तिला मराठी बाराखडी शिकवते आहे. तरी पावसाळा येतोच आहे. जूनमध्ये मला झोप लागेल का, हे मी आत्ता सांगू शकत नाही.

हिंचक्यावर आता पुन्हा माणसं बसतात. आई बसते, उजव्या बाजूला, परात घेऊन. डावी बाजू आल्या-गेल्याची.

आणि झोळी मागच्या चौकात आहे. एक टोक पडवीच्या सागाच्या खांबाला, दुसरं कडुलिंबाला, ताण न देता, थोडी सैल. आख्ख्या गल्लीनं ती बघून घेतली. बांनी एकदा बसून पाहिलं आणि "आमां तो कंई कामज न थाय!" असं म्हणून उतरल्या.

मी रोज दुपारी दीडला ऑफिसातून आईला फोन करते. मनगट मोडल्यापासूनचा हा नेम आहे. पूर्वी पहिल्या रिंगला उचलायची, फोन हातातच घेऊन बसलेली असायची बहुधा. काल सात-आठ रिंगा झाल्या. माझ्या छातीत धडधडायला लागलं. नवव्या रिंगला उचलला.

"काय गं?"

"कुठं होतीस?"

"झोळीत आहे," आई म्हणाली. "नंतर कर."